भातशेत, खाडी आणि समुद्र यांतील जीवांचा तोल

पालघर तालुक्यातील एखाद्या गावची शीव पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत गेल्यास थोड्याच किलोमीटरांच्या अंतरात जमिनीचे रूप अनेकदा पालटते. डोंगरउतारावर साग व ऐन यांचे जंगल, त्याखाली गवताचे माळ, नंतर भाताची खाचरे, पुढे खारबांध, बांधापलीकडे तिवरांची दाटी, खाडीचा चिखल आणि शेवटी समुद्र. या प्रत्येक ठिकाणी राहणाऱ्या वनस्पती व प्राणी वेगळे असतात. तिवर माळावर उगवत नाही व ऐन खाडीत जगत नाही, हे कोणासही ठाऊक आहे. परंतु एका ठिकाणी राहणारे सर्व जीव एकमेकांस कसे बांधलेले असतात, त्यांची संख्या कशामुळे कमीजास्त होते आणि ती साधारणपणे एका मर्यादेत का राहते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. या गोष्टींचा विचार करणाऱ्या शास्त्रास परिस्थितिविज्ञान म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेकेल याने १८६६ साली या शास्त्रास नाव दिले. मात्र त्याचा खरा उपयोग शेतीत व मासेमारीत होऊ लागला तो विसाव्या शतकात.

एका जागी राहणाऱ्या एकाच जातीच्या सर्व प्राण्यांना किंवा वनस्पतींना मिळून त्या जातीची जीवसंख्या म्हणावे. एका खाचरातील सर्व तपकिरी तुडतुडे ही एक जीवसंख्या. त्याच खाचरातील सर्व बेडूक ही दुसरी. आणि खाचरातील भात, तण, किडे, कोळी, बेडूक, मासे, खेकडे, बगळे, तसेच डोळ्यांना न दिसणारे जंतू या सर्वांचा मिळून जो एक कारभार चालतो त्यास जीवसमुदाय म्हणतात. बोईसर, चिंचणी किंवा सफाळे येथील शेतकऱ्याने या शब्दांची घोकंपट्टी करण्याचे कारण नाही. त्यामागील हिशेब मात्र समजून घ्यावा, कारण तो थेट त्याच्या खिशाशी निगडित आहे.

दोनशेपैकी दोन

तपकिरी तुडतुड्याची मादी भाताच्या पानाच्या आवरणात अंडी घालते. एका मादीने दोनशे अंडी घातली असे धरावे; ही संख्या फुगवून सांगितलेली नाही. ती सर्व अंडी उबली, सर्व पिले जगली व त्यांत निम्म्या माद्या निघाल्या, तर एका मादीच्या १०० माद्या होतील. सुमारे महिन्याभराने या शंभरजणींच्या १०,००० होतील व त्यापुढील पिढीत १० लाख. भाताचे पीक शेतात उभे असते तेवढ्या काळात या तीन पिढ्या सहज उरकतात. असे खरोखरच घडू लागले, तर कोकणात भाताचा एक दाणाही हाती लागता ना.

परंतु बहुतेक वर्षी बहुतेक खाचरांत तुडतुड्यांची संख्या हंगामाच्या प्रारंभी जेवढी असते त्याच्या फार पुढे जात नाही. याचा अर्थ असा की, त्या दोनशे अंड्यांतून सरासरीने दोनच तुडतुडे प्रौढ होऊन वंश चालवितात, एक नर व एक मादी. उरलेले १९८ मधल्या मध्ये नाहीसे होतात. कोणत्याही जातीची संख्या पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहत असेल, तर तिच्या बाबतीत हाच हिशेब लागू पडतो. मग त्या जातीची मादी जन्मात दोन पिले देणारी असो वा हजारो अंडी घालणारी मासळी असो. आईबापांच्या जागी दोघेच उरतात.

आता या हिशेबातील नाजूक जागा पाहावी. १९८ ऐवजी १९६ मेले, म्हणजे दोनशेतले अवघे दोन जास्त वाचले, तर पुढील पिढी दुप्पट होते. त्यापुढील पिढी चौपट व तिसरी आठपट. शेतात प्रत्येक चुडावर एक तुडतुडा होता, तेथे आठ दिसू लागतात व शेतकरी फवारणीचा पंप शोधू लागतो. म्हणजे किडीचा मरण्याचा शेकडा ९९ वरून ९८ वर आला एवढ्यानेच कीड हाताबाहेर गेली. हे १९८ कोण मारतो, हा प्रश्न म्हणूनच शेतकऱ्याच्या दृष्टीने पिकाच्या वाणाइतकाच महत्त्वाचा आहे.

संख्येस आळा घालणारी कारणे

काही कारणे अशी असतात की त्यांस किडीच्या संख्येशी देणेघेणे नसते. जुलैत मुसळधार पाऊस कोसळला म्हणजे पानांवरील बारीक किडे धुऊन जातात. ते थोडे असोत की फार, त्यांतील अमुक एक वाटा नष्ट होतो. पाऊस थांबला की आळाही संपला. पाऊस, थंडी, ऊन, महापूर ही सारी या वर्गात मोडतात. त्यांच्यामुळे संख्या खाली येते, पण ती मर्यादेत राहील अशी हमी त्यांपासून मिळत नाही.

दुसरी कारणे किडीची संख्या वाढेल तशी अधिक जोराने काम करतात. दाटी झाली की अन्न व जागा अपुरी पडते, रोग एकापासून दुसऱ्यास लागतो, आणि भक्ष्य मुबलक मिळू लागल्याने भक्षक तेथे गोळा होतात व त्यांचीही वीण वाढते. संख्या कमी झाली की हा दाब आपोआप सैल होतो. विहिरीच्या रहाटाचा दोर जसा ओझे वाढेल तसा ताणला जातो, तसे हे आहे. जीवसंख्येचा तोल राखला जातो तो या दुसऱ्या वर्गातील कारणांमुळे. तोल म्हणजे संख्या जागची हलत नाही असे मात्र नव्हे. ती वरखाली होतच असते. परंतु वर गेली तरी परत खाली ओढली जाते. स्थिर जीवसमुदाय तो हाच.

यांपैकी अन्नाची टंचाई हा आळा शेतकऱ्यास परवडणारा नाही, कारण किडीचे अन्न म्हणजे त्याचे पीक. पीक संपल्यावर कीड उपाशी मरेल, यात समाधान कसले? त्याच्या उपयोगाचे ते भक्षक, परोपजीवी व रोगजंतू.

खाचरातील मित्र

भाताच्या खाचरात कमरेत वाकून बुंध्याशी पाच मिनिटे पाहत बसल्यास तेथील वर्दळ ध्यानात येते. पाण्यावरून व बुंध्यांवरून तुरुतुरु धावणारा तपकिरी कोळी हा त्यांतील मुख्य शिकारी. (कोळी हे नाव किनाऱ्यावर जाळे टाकणाऱ्यांनाही आहे. खाचरातील हा कोळी मात्र शिकारीसाठी जाळे विणीत नाही. धावून भक्ष्य पकडतो.) असा एक कोळी दिवसाकाठी ५ ते १५ तुडतुडे खातो. दुसरा एक हिरवट, लहानसा ढेकूण आपली सोंड पानाच्या आवरणात खुपसून तुडतुड्याची अंडी शोषून घेतो. शेतकरी पुष्कळदा यालाच कीड समजतो व त्यास पाहून औषध मारतो. चतुर व टाचण्या उडत्या पतंगांना धरतात. ढालकिडे पिलांचा फडशा पाडतात. बेडकाचे काम सर्वांना माहीत आहे; त्याची किंमत मात्र उशिरा कळली. परदेशी जेवणासाठी बेडकांच्या तंगड्या भारतातून वर्षानुवर्षे निर्यात होत होत्या. ती निर्यात केंद्र सरकारने १९८७ साली बंद केली.

खोडकिड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याची मादी पानाच्या टोकाशी अंड्यांचा पुंजका घालून तो पिवळसर केसांनी झाकते. अळी एकदा खोडात शिरली की कोळ्याचा वा बेडकाचा तिच्यापर्यंत हात पोचत नाही. कोवळ्या पिकात मधला पोंगा सुकतो; पुढे लोंबी बाहेर पडते ती पांढरी व पोकळ, जिला पळींज म्हणतात. येथे उपयोगी पडतात त्या टाचणीच्या टोकाएवढ्या परोपजीवी गांधीलमाश्या. ट्रायकोग्रामा ही त्यांतील शेतकऱ्यांस ट्रायकोकार्डामुळे ठाऊक झालेली जात. ही माशी खोडकिड्याच्या अंड्यात आपले अंडे घालते. त्या अंड्यातून मग अळी न निघता गांधीलमाशीच बाहेर पडते.

आता एक शंका सहज येईल. पालघरचे बहुतेक भात पावसावरचे. दिवाळीच्या सुमारास कापणी होते, खाचरे वाळतात, व पुढील जूनपर्यंत बऱ्याच ठिकाणी तेथे काहीच नसते. मग दरवर्षी हा समुदाय नव्याने उभा राहतो कसा? आणि तुडतुडे येण्यापूर्वी कोळी खातो काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बांधावर आहे. कोळी, ढालकिडे, बेडूक व गांधीलमाश्या उन्हाळा काढतात ते बांधावरील गवतात, शेजारच्या माळावर, ओढ्याकाठच्या झुडपांत व जमिनीच्या भेगांत. दुसऱ्या प्रश्नाचा उलगडा इंडोनेशियातील जावा बेटावरील खाचरांत झालेल्या व १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उत्तम प्रकारे केला. खाचरात पाणी भरून त्यात शेणखत व पालापाचोळा कुजू लागला की त्यावर जंतू व सूक्ष्म जीव वाढतात. त्यांवर चिलटांच्या अळ्या पोसतात, आणि लावणीनंतर थोड्याच दिवसांत लाखो निरुपद्रवी चिलटे पाण्यातून वर येतात. कोळी व इतर भक्षक या चिलटांवर जगतात व वाढतात. पुढे तुडतुडे येतात तेव्हा शिकारी आधीच हजर असतात. म्हणजे शेणखत भातास अन्न पुरविते, तसेच ते पिकाच्या राखणदारांनाही आधी शिधा पुरविते. नत्राची खते बेसुमार दिल्याने मात्र उलट परिणाम होतो: पीक लुसलुशीत होऊन तुडतुड्यांची वीण वाढते.

विष दोघांवर पडते, नुकसान एकाचे अधिक

लावणीनंतरच्या पहिल्या तीस-चाळीस दिवसांत पानांवर थोडी भोके दिसली की औषध मारण्याची घाई होते. या वयात भात नवे फुटवे टाकून पानांचे थोडेफार नुकसान भरून काढतो. त्यामुळे ही फवारणी पुष्कळदा वाया जाते. पण ती नुसती वाया गेली तर फार बिघडले नसते. तिने तोल बिघडतो, आणि तो कसा हे समजण्यासाठी एका दूरच्या समुद्राकडे वळणे जरूर आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इटलीजवळच्या एड्रियाटिक समुद्रात मासेमारी बरीच थंडावली होती. युद्धानंतर दांकोना नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने तेथील बंदरांच्या बाजारातील आकडे तपासले. फ्यूमे बंदरात मुशी, पाकट यांसारख्या मासेखाऊ माशांचा वाटा १९१४ साली शेकडा १२ च्या आसपास होता. १९१८ साली तो शेकडा ३६ वर गेला. मासेमारी कमी झाली तर सर्वच मासे वाढावयास हवेत. मग भक्षकांचाच वाटा एवढा का वाढला? दांकोनाचा सासरा विटो व्होल्टेरा हा थोर गणिती होता. त्याने १९२६ साली या कोड्याचे गणित मांडले. त्याचे सार असे: भक्ष्य व भक्षक या दोहोंवर सारखाच घाव घातला, तर भक्षकाचे नुकसान अधिक होते, कारण तो मारलाही जातो व त्याचे अन्नही कमी होते. भक्ष्यास मात्र त्याच घावाने शत्रूपासून सुटका मिळते. घाव घालणे थांबले की भक्षक वर येतात. युद्धाने मासेमारीचा घाव थांबविला, म्हणून मुशी वाढल्या.

सर्व किड्यांना सारखे मारणारे औषध खाचरावर फवारणे म्हणजे हाच घाव होय. तुडतुडे मरतात आणि कोळीही मरतात. परंतु तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित असतात. आठवड्याभराने पिले बाहेर येतात, तेव्हा त्यांस खाणारे कोणी उरलेले नसते. कोळ्याची वीण सावकाश, शिवाय उपासमार. दोनशेतल्या दोनाऐवजी दहा-वीस वाचतात. शेतकरी पुन्हा फवारतो, व या चक्रातून तो हंगाम संपेपर्यंत सुटत नाही.

हे केवळ कागदावरील गणित नव्हे. १९८४ साली तांदळात स्वयंपूर्ण झालेल्या इंडोनेशियात लगेच १९८५-८६ मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी जावा बेटावर मोठे नुकसान केले. सरकार कीटकनाशकांवर मोठे अनुदान देत होते, आणि जेथे फवारणी अधिक तेथे कीड अधिक असे दिसून येत होते. १९८६ साली तेथील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी झाली. अनुदान पुढे काढून टाकण्यात आले व शेतकऱ्यांना शेतातच बसवून मित्रकीटक ओळखण्याचे शिक्षण देण्यास १९८९ पासून आरंभ झाला. औषधांचा वापर पुष्कळ घटला आणि भाताचे उत्पन्न मात्र कोसळले नाही.

सातपाटीचा पापलेट

किडीची संख्या वाढू नये अशी इच्छा असते. पापलेटची वाढावी अशी. हिशेब मात्र एकच आहे. सातपाटी बंदर पापलेटसाठी नावाजलेले. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले, त्यामागे या माशाच्या घटत्या संख्येची चिंता होती. मोठा पापलेट पूर्वीसारखा मिळत नाही, असे सातपाटीचे मच्छीमार कित्येक वर्षे सांगत आले आहेत.

मासळीची मादी हजारोंनी अंडी घालते. त्यामुळे समुद्र कधी रिता होणार नाही, अशी समजूत पूर्वी होती. पण अंडी कितीही असोत, त्यांतून अंडी घालण्याच्या वयास पोचणारे किती, हेच महत्त्वाचे. अंडे व अगदी बारीक पिलू या अवस्थेत बहुसंख्य मरतात. तो आळा निसर्गाचा. त्यातून तरून जे बोटभर, वीतभर झाले त्यांच्या जगण्याची शक्यता बरीच वाढलेली असते, आणि नेमके हेच मासे बारीक आसाच्या जाळ्यात सापडतात. भरती-ओहोटीच्या ओघात खुंटांना बांधून ठेवलेले डोलीचे जाळे पाण्याबरोबर येईल ते सर्व गिळते. जवळा पकडावयाचा म्हणून आस बारीक, आणि त्या आसात पापलेटची पिलेही अडकतात. वीण झाल्यानंतर धरलेला एक मोठा मासा जीवसंख्येतून एकच जातो. वीण होण्यापूर्वी धरलेले पिलू आपल्या मागे येणारी सारी संतती घेऊन जाते. बाजारातही लहान पापलेटला मोठ्याच्या तुलनेत फारच कमी भाव मिळतो, म्हणजे तोटा दोन्ही बाजूंनी.

यास्तव राज्यात ५४ जातींच्या मासळीकरिता पकडण्याची किमान लांबी ठरवून देण्यात आली आहे. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तीही मुख्यतः विणीच्या हंगामासाठी. नियम कागदावर पुरेसा आहे. जाळ्याचा आस बदलण्याचा खर्च लहान मच्छीमारावर एकट्याने पडू नये, हा प्रश्न त्याहून बिकट आहे. आणि एका गावाने पिले सोडावी व शेजारच्या गावाने ती धरावी, असे झाल्यास कोणी सोडणार नाही.

शेतकऱ्याच्या दारातही असेच घडते. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात नदीनाल्यांतील मासे विणीसाठी प्रवाहाच्या उलट चढून खाचरांत येतात. वलगणीच्या या माशांची मौज पालघर-वाडा भागात घरोघर असते, आणि त्यात कोणास दोष देता येणार नाही. तथापि ओहोळाचे तोंड पूर्णपणे अडवून अंडी भरलेला प्रत्येक मासा काढून घेतला, तर पुढील वर्षी चढावयास मासा कोठून यावा? पाण्याची अर्धी वाट मोकळी ठेवल्यास मेजवानीही होते व बीजही राहते. खाचरात वाढणारी ही पिले डासांच्या अळ्या खातात, हा वर फायदा.

तिवर, चिखल आणि बांध

खाडीकाठचा तिवर शेतकऱ्यास पूर्वी केवळ सरपण व गुरांचा पाला म्हणून ठाऊक होता. त्याची पाने चिखलात पडून कुजतात. कुजलेल्या पानांवर जंतू व बुरशी वाढतात. त्यांवर खेकडे, कोळंबीची पिले व बारीक मासे पोसतात, आणि त्यांवर मोठे मासे व पक्षी. मुळांच्या गुंत्यात मोठा मासा शिरू शकत नसल्याने पिलांना तेथे आसरा मिळतो. समुद्रात पकडल्या जाणाऱ्या कित्येक जातींचे बालपण खाडीत जाते. तिवर तोडले की मच्छीमाराची मिळकत घटते, ती तोडणाऱ्याच्या नजरेआड.

शेतकऱ्याचे नुकसान मात्र नजरेसमोर होते. खारबांधाच्या बाहेरील बाजूस तिवरांची रुंद रांग असली की लाटेचा जोर तिच्यातच मोडतो. रांग गेली की लाट थेट मातीच्या बांधावर आपटते, एखाद्या उधाणाला खांड पडते व खारे पाणी खाचरात शिरते. त्यानंतर पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत पीक नीट येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर कांदळवनाच्या तोडीस मनाई केली. त्यापूर्वी २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात कांदळवन कक्ष स्थापन झाला होता. परंतु ज्या गावाचा बांध त्या गावानेच तिवर राखणे हे सर्वांत स्वस्त होय.

खाडीच्या प्रकृतीची परीक्षा करावयाची तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जीव किती आहेत यापेक्षा किती प्रकारचे आहेत, हे पाहावे. निरोगी चिखलात निवटी, चिंबोऱ्या, शिंपल्या, कालवे, कृमी, कोळंबी असे नाना प्रकार आढळतात व कोणत्याही एकाचे राज्य नसते. सांडपाण्यातील कुजणारी द्रव्ये पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. मग ज्यांना प्राणवायू भरपूर लागतो ते प्रथम नाहीसे होतात, आणि कमी प्राणवायूत तग धरणारे एखाद-दोन जातींचे कृमी लाखोंनी वाढतात. वरवर पाहणाऱ्यास तेथे जीवांची रेलचेल वाटते. वस्तुतः समुदाय मोडलेला असतो. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने किनाऱ्यावरील मासेमारीस अपाय होतो अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. अशा तक्रारींत पाण्याच्या रासायनिक तपासणीबरोबर चिखलातील जातींची वर्षावर्षाची नोंद असल्यास ती फार उपयोगी पडते. पाण्याचा नमुना त्या दिवसापुरते सांगतो, चिखल गेल्या कित्येक महिन्यांचे सांगतो.

एकाच पिकाचा पट्टा

डहाणू-घोलवडच्या चिकूबागांचे उदाहरण थोडक्यात पाहण्याजोगे आहे. चिकू मूळचा मध्य अमेरिकेकडचा. घोलवड चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. समुद्रकाठच्या उबदार हवेत या झाडाला जवळजवळ वर्षभर फुले व फळे असतात, आणि बागेला लागून बाग आहे. फळावर जगणाऱ्या किडीला याहून सोयीची जागा कोणती? उन्हाळ्यात ओस पडणाऱ्या भातखाचरात निदान अन्नाचा खंड पडतो. येथे तोही नाही. बी पोखरणारी अळी फळाच्या आत वाढते व बाहेर पडताना छिद्र करते, म्हणून फवारणीचा तिच्यावर फारसा इलाज चालत नाही. गळलेली व किडकी फळे आणि वाळलेला पाला नियमितपणे गोळा करून नष्ट करणे हा उपाय कंटाळवाणा खरा. शिवाय तो सर्व बागाईतदारांनी एकाच वेळी केला तरच लागू पडतो.

पाहणी कशी करावी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांबरोबर आठवड्यातून एकदा खाचरात उतरून, शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके चालत २० चुडे तपासावे. प्रत्येक चूड बुंध्याशी हलवून तुडतुडे मोजावे, आणि त्याच वेळी कोळी व मित्र ढेकूणही मोजावे. शिफारशीनुसार चुडामागे ५ ते १० तुडतुडे, किंवा एका चौरस मीटरला खोडकिड्याचा एक अंडीपुंज, किंवा शेकडा ५ फुटव्यांचे सुकलेले पोंगे, ही उपाययोजनेची पातळी मानली जाते. परंतु आकडा पातळीच्या जवळ असून कोळी भरपूर असतील, तर घाई न करता तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजावे. तुडतुडे घटत असतील तर औषधाची गरज नाही. वाढतच असतील, तर पाणी काढून खाचर काही दिवस सुकवावे. त्यानेही भागले नाही तर कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले औषध, बुंध्याशी व फक्त लागण झालेल्या पट्ट्यात वापरावे.

बांध सरसकट जाळू नये. कापणीनंतर गवत कापावयाचे झाल्यास एका आड एक बांध कापावा, म्हणजे उरलेल्या बांधांवर मित्रकीटकांना थारा राहतो. राब भाजण्याची चालही हळूहळू सोडावी. राबासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात, जमिनीच्या वरच्या थरातील जीव भाजून जातात, आणि गादीवाफ्यावर चांगली रोपे त्याशिवायही तयार होतात. बांधावर तूर लावल्यास डाळ मिळते व तिच्या फुलांवर गांधीलमाश्यांना मधही मिळतो. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडले तर त्यांवरील खोडकिड्याचे अंडीपुंज आपोआप शेताबाहेर जातात.

हे खुडलेले शेंडे लगेच पुरून टाकू नयेत. त्यांतील अंडीपुंज असलेली पाने रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत घालून तोंडाला बारीक वस्त्र बांधावे व बाटली सावलीत ठेवावी. प्रथम अळ्या बाहेर पडतात. त्या दिसताच काढून माराव्या. त्यानंतर काही दिवसांनी उरलेल्या अंड्यांतून काळसर, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा गांधीलमाश्या निघू लागतात. किती अळ्या व किती माश्या निघाल्या ते वहीत लिहून ठेवावे, म्हणजे त्या गावात निसर्गाचे राखणदार कितपत शिल्लक आहेत याचा अंदाज येतो. माश्या निघाल्या की सायंकाळच्या वेळी बाटली खाचराच्या मध्यभागी नेऊन तोंडावरील वस्त्र सोडावे.